पालकांची शाळा

जून उजाडला की कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत नाशिकच्या खांबाखांबावर तेच फलक लागतात. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो, प्रत्येकाखाली टक्के आणि तळाशी एक ओळ : ‘पालकांसाठी मोफत मार्गदर्शन मेळावा, प्रवेश सर्वांना खुला’. शाळकरी मुलांच्या पालकांसाठी शहरात जे काही होतं, त्यात डोळ्यांत भरतात ते हे मेळावे. त्यांच्या मागोमाग तिकीट लावून होणारी ‘सुजाण पालकत्व’ छापाची व्याख्यानं. आणि शेवटी, नाइलाजाने, शाळेची पालकसभा.

पालकांसाठी कार्यक्रम व्हायला हवेत, आहेत त्यापेक्षा जास्त व्हायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते क्लासवाल्यांच्या आणि व्यासपीठावरच्या वक्त्यांच्या हातून काढून महापालिका शाळांच्या वर्गांत, वाचनालयांत, वस्तीतल्या समाजमंदिरांत आणले पाहिजेत. तिथे बोलण्याचं काम मुख्यतः पालकांनी करावं आणि खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा. हे वाचून ‘आधी शाळांची गळकी छपरं दुरुस्त करा’ म्हणणारे असतील. छपरं करावीतच. छपरासाठी अर्ज कुणी करायचा, तिथूनच खरं तर माझा मुद्दा सुरू होतो.

क्लासच्या मेळाव्याचा साचा ठरलेला असतो. दारात नोंदणीचं टेबल. नाव, मोबाइल नंबर, पाल्याची इयत्ता, शाळा, मागच्या परीक्षेचे टक्के लिहून दिले की आत सोडतात. पहिला अर्धा तास भीती : जागा किती कमी, स्पर्धा किती, तुमच्या शेजाऱ्याचं मूल सहावीपासून ‘फाउंडेशन’ला बसलंय. मग डोळ्यांत पाणी : मागे बासरी, पडद्यावर झिजलेल्या चपलांचा फोटो, बापाचे कष्ट. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई खरोखर पदर डोळ्याला लावतात आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं, कारण चपला त्यांच्याच घरातल्या असतात. शेवटी उपाय, आणि आजच्या आज नाव नोंदवलं तर फीमध्ये सवलत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, ‘मॅडम, काल तुम्ही आला होतात ना?’ सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सहावीचं ‘फाउंडेशन’ भर रस्त्यावर विकलं जातंच. दुकानदाराने दुकान मांडलं म्हणून मी त्याला दोष देत नाही. पालकांना चार गोष्टी सांगण्याचं काम आपण सगळ्यांनी त्याच्यावर सोपवून दिलं, हा दोष आपला.

तिकिटाच्या व्याख्यानांचं दुखणं वेगळं. वक्ते पुष्कळदा चांगले असतात, अभ्यासू असतात. नाशिकला व्याख्यान ऐकायची हौसही जुनी आहे. मे महिन्याच्या उकाड्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला माणसं बसतात, त्या मालेने शंभरी ओलांडली. इतिहास, अर्थकारण, साहित्य हे विषय शंभर जणांनी एकत्र ऐकण्याचे आहेतच. पण आपला सातवीतला मुलगा हल्ली घरात बोलत नाही, हा विषय शंभर जणांत ऐकण्याचा नाही. वक्ता म्हणतो, मुलांना वेळ द्या. टाळ्या पडतात. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा बाप दुपारी घर सोडतो, मूल शाळेतून यायच्या आत, आणि परततो तेव्हा ते झोपलेलं असतं. त्याने कुठला वेळ द्यायचा? त्या सभागृहात तो नसतोच म्हणा. वक्ता म्हणतो, मोबाइल दूर ठेवा, आणि निम्मं सभागृह ते वाक्य मोबाइलवर टिपत असतं.

शाळेच्या पालकसभेबद्दल फार लिहायला नको, ज्याने त्याने ती भोगली आहे. शनिवारची सकाळ, मुलांच्या बाकांत गुडघे न मावणारी मोठी माणसं, वर्गाबाहेरपर्यंत रांग. आपला नंबर आला की बाई उत्तरपत्रिका पुढे सरकवतात, लाल शाईवर बोट ठेवतात, ‘घरी लक्ष द्या’ म्हणतात आणि सहीची जागा दाखवतात. वर्गात साठ मुलं असतील तर बाई तरी दुसरं काय करणार? पण कोणत्या विषयात लक्ष द्यायचं, कसं, आणि ज्या आईची स्वतःची शाळा चौथीत सुटली तिने गणितात लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायची सोय त्या रांगेत नसते.

या तिन्ही ठिकाणी गृहीत एकच धरलेलं असतं : पालकाला कळत नाही, त्याला कळवलं की काम झालं. माझा अनुभव उलटा आहे. सल्ल्यांचा तर सुकाळ आहे. सकाळी उठल्यापासून व्हॉट्सॲपवर बालसंगोपनाच्या चित्रफिती येऊन पडतात. सिडको, अंबड, सातपूरचा मोठा भाग कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून कामाला आलेल्या कुटुंबांचा. आजी साक्रीला, मावशी मालेगावला, थोरला दीर सुरतेला. ‘अगं, याचाही मुलगा असाच करायचा, दोन वर्षांत सुधारला’ असं म्हणणारं घरातलं माणूस फोनवर उरलं. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्येही फार वेगळं नाही, फक्त तिथे आजी पुण्याला आणि आत्या न्यू जर्सीला. आपल्या घरात चाललंय ते जगावेगळं आहे की चारचौघांसारखं, हेच अशा आईबापाला कळायला मार्ग नसतो, आणि भीती विकणाऱ्याचा माल तिथेच खपतो.

सातपूर भागातल्या एका महापालिका शाळेत संध्याकाळी झालेली एक बैठक मी कोपऱ्यात बसून पाहिली. सतरंजीवर बहुतेक आया, भिंतीला टेकून दोन-तीन बाप, मुलं बाहेर मैदानात. घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘काल संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या घरात काय चाललं होतं, ते सांगा.’ आधी कुणी बोलेना. मग एकीने सुरुवात केली. ‘मी भाकरी थापते, तो ओट्याखाली बसून पाढे म्हणतो. चुकला तर मला कळत नाही, पण अडखळला की कळतं. मग मी म्हणते, पुन्हा म्हण.’ बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, हाच अभ्यास घेणं. ती बाई जरा ताठ बसली. दुसरी म्हणाली, आम्ही दोघंही नऊपर्यंत घरी नसतो, मोठी धाकट्याला सांभाळते, मोठी सहावीत आहे. यावर सल्ला कुणाकडेच नव्हता. थोड्या वेळाने तिच्याच गल्लीतली एक जण म्हणाली, ‘माझ्याकडे पाठव ना दोघांना. माझी दोन बसतातच, आणखी दोन बसतील.’ भिंतीशी बसलेल्या एका बापाने विषय बदलला : ‘आमचा खोटं बोलतो. मारलं तरी बोलतो.’ समोरून उत्तर आलं, ‘म्हणूनच बोलत असंल, भाऊ.’ सगळे हसले, तोही हसला, आणि पुढची पंधरा मिनिटं मारण्यावर जी चर्चा झाली तिच्यात ‘बालमानसशास्त्र’ हा शब्द एकदाही आला नाही.

त्या दोन तासांत झालेलं काम कुठल्याही सभागृहात झालं नसतं. सल्ला बरोबरीच्या माणसाकडून आला, त्यामुळे कमीपणा वाटला नाही. आणि एका घराची संध्याकाळची अडचण गल्लीतच सुटली.

यात नवं काही नाही. राज्याच्या शाळांनी २०२२ पासून ‘शाळापूर्व तयारी मेळावे’ घेतले. पहिलीत येणारं मूल एकेका टेबलाशी जातं, उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं, गोष्ट सांगतं, आणि त्याच्या आईला ते समोर दिसतं. मग वस्तीतल्या चार-पाच आयांचा गट, त्यांच्यातलीच एक पुढारी आई, आणि घरच्या घरी करायच्या छोट्या कृती : डाळीतून खडे वेचताना मोजायचं, कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठं लावायचं. कल्पना उत्तम आहे. पण मूल दुसरी-तिसरीत गेलं की हे गट कुठे जातात, कुणी विचारत नाही. आईची गरज मात्र पाचवीत वाढते, आठवीत आणखी वाढते.

अशा कामाबद्दल भाबडेपणाही नको. बिहार आणि राजस्थानात आयांसाठी साक्षरता वर्ग आणि घरी मुलांबरोबर करायच्या कृतींचं प्रशिक्षण, दोन्ही देऊन काय फरक पडतो याची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या गुणांत वाढ झाली ती लहानशी, मुख्यतः गणितात. पण आयांचं स्वतःचं शिक्षण पुढे सरकलं आणि मुलाच्या अभ्यासातला त्यांचा सहभाग वाढला. म्हणजे पालकांचे गट काढले की टक्के उड्या मारतील, असं कुणी सांगत असेल तर तोही एक प्रकारचा क्लासवालाच समजावा. मी हे टक्क्यांसाठी मागत नाही.

मग कशासाठी? एक तर हक्काच्या गोष्टींसाठी. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतलं मूल, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ज्या घराला या पैशांचा खरा उपयोग आहे तिथे परीक्षेचं नावही अनेकदा पोचलेलं नसतं, आणि पोचतं तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ उरलेला नसतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, २५ टक्के जागांचंही तेच. लॉटरी लागलेली मुलं कागद अपुरा पडला म्हणून मागे राहतात. सेतू केंद्राच्या दारात एजंटाला पैसे देऊन जे काम होतं, ते मार्चपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी शाळेच्या वर्गात दहा पालकांनी एकमेकांची कागदपत्रं पाहून होऊ शकतं. याला कार्यशाळा म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. मला ती कुठल्याही ‘सुजाण पालकत्वा’पेक्षा उपयोगाची वाटते.

दुसरं कारण सत्तेचं आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. महापालिकेच्या शाळेत ही समिती शोभेची नाही. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, आलेल्या अनुदानाचा खर्च तिने पाहायचा. गळक्या छपराचा अर्ज मी म्हणालो तो हाच. खासगी शाळांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ सक्तीचा आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडायचे. व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा. सोडत का? तर मुख्याध्यापकांच्या ओळखीतले, हो ला हो करणारे पालक बसू नयेत म्हणून. आता तुमच्या मुलाच्या शाळेत सोडत कधी निघाली, चिठ्ठ्या कुणी उचलल्या, हे आठवून पाहा. बहुतेकांना आठवेल ती ‘इथे सही करा’ म्हणून पुढे आलेली वही. त्या वहीत ठराव असतो आणि ठरावाच्या खाली आपलं नाव.

पालकाला समितीत बसवलं आणि ताळेबंद वाचायला शिकवलं नाही, तर समिती सह्यांची वहीच राहणार. म्हणून पालकांच्या कार्यक्रमाच्या विषयपत्रिकेवर मोबाइल आणि परीक्षेचा ताण यांच्या आधी मी हे टाकेन : शाळेला किती पैसे आले, कुठे गेले, समितीचं इतिवृत्त कुठे मिळतं, बैठकीत बोलायचं कसं. ज्या बाईने ‘म्हणूनच बोलत असंल, भाऊ’ म्हटलं तिला बोलायला शिकवावं लागणार नाही. पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही कुठे असते, एवढं सांगितलं तरी पुरे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : पालक येतच नाहीत हो, त्यांना आस्थाच नाही. हे मी शिक्षकांकडून ऐकलंय, संस्थाचालकांकडून ऐकलंय. मला ते पटत नाही. सभा सकाळी अकराला ठेवायची, त्या वेळी धुणीभांडी करणारी बाई चौथ्या घरात असते आणि पहिल्या पाळीचा कामगार मशीनवर. एका सभेसाठी खाडा म्हणजे दिवसाची मजुरी. पेठ, सुरगाणा भागातली कितीतरी कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. त्यांच्या गावच्या शाळेने फेब्रुवारीत सभा बोलवायची आणि आले नाहीत म्हणून शेरा मारायचा, याला काय म्हणावं? हीच माणसं पावसाळ्यात भात-नागलीच्या वेळी गावात असतात. तेव्हा सभा घ्या, संध्याकाळी घ्या, आणि मुलांना सांभाळायला कुणी ठेवा. मग मोजा आस्था.

बापांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. सगळ्या योजनांची नावंच ‘माता’पासून सुरू होतात. माता-पालक संघ, माता गट. आधीच दोन कामं करून थकलेल्या बाईच्या डोक्यावर आपण तिसरं ठेवतोय, ही टीका मला रास्त वाटते. अंबड-सातपूरच्या कंपन्या शाळांना बाकं देतात, वर कंपनीचं नाव रंगवतात. बाकं नकोत असं नाही. पण आपल्याच कामगाराला तीन महिन्यांतून एकदा मुलाच्या शाळेसाठी दोन तासांची भरपगारी सुट्टी दिली, तर त्याची किंमत बाकापेक्षा जास्त होईल. युनियनच्या मागण्यांत हे कलम अजून मला दिसलेलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. सगळेच प्रश्न सतरंजीवर बसून सुटत नाहीत. चौथीतल्या मुलाला अजून ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक करता येत नसेल, तर गटातल्या दहा आया मिळून त्याला ‘आळशी’ ठरवतील आणि तेच सगळ्यांत घातक. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, राज्य मंडळ अशा मुलांना परीक्षेत सवलती देतं. पण तिथवर पोचायला वेळेवर कुणीतरी ‘तपासून घ्या’ म्हणावं लागतं. लैंगिक अत्याचाराची शंका, मुलाचं सतत गप्प राहणं, जीव नकोसा झाल्याची भाषा, इथे गटाने डॉक्टर व्हायचं नाही. गट घेणाऱ्या व्यक्तीला कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे, आणि भिंतीवर दोन नंबर हवेत : मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६. म्हणून गट घेणाऱ्यांचं प्रशिक्षण हवं, आणि त्यांना मानधनही हवं. सेवाभाव दोन महिने टिकतो.

हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारू नका. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं कायदा म्हणतो, तरी त्यांची ऑनलाइन माहिती भरण्यातून सुटका नाही. निवृत्त शिक्षिका शहरात पुष्कळ आहेत. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. मुक्त विद्यापीठ इथलं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलं. माणसांची वानवा आहे असं नाशिकने तरी म्हणू नये. जागेचीही नाही. गणेश मंडळांचे मंडप दहा दिवस उभे असतात, त्यातली एक संध्याकाळ देता येईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमतातच, फक्त तिथे प्रायोजक इच्छुक उमेदवार असतो आणि वाणाच्या डब्यावर त्याचा फोटो. महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की पालक मेळाव्यांनाही अचानक बहर येतो. म्हणून पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकातून हवा, शिक्षण विभागाच्या स्वतंत्र शीर्षाखाली, कुणाच्याही फोटोविना. सिंहस्थाच्या आराखड्यांत ज्या रकमा उच्चारल्या जातात त्यांच्यापुढे संध्याकाळी वर्ग उघडा ठेवणाऱ्या शिपायाचा जादा भत्ता, गट घेणाऱ्याचं मानधन आणि चहा हा खर्च कुणाच्या नजरेतही भरणार नाही.

आणि अहवाल लिहिताना किती पालक आले, किती फोटो काढले, हे नका लिहू. वर्षाच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त उघडा आणि एकच पाहा : मुख्याध्यापकांनी मांडलेल्या विषयांच्या खाली एखादा तरी विषय पालकाने स्वतःहून मांडलेला आहे का, आणि त्यावर पुढच्या बैठकीत उत्तर दिलेलं आहे का.